पीळ काढा, पाणी काढा: केळीच्या धाग्याची शीट घरच्या वर्कशॉपमध्ये

केळीचा चीक कपड्याला लागला की जन्मात जात नाही, हे खानदेशात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मला मात्र ते दोन चांगले ड्रेस घालवल्यावर पटलं. म्हणून पहिली सूचना हीच: जुने कपडे घाला.

आमचं भुसावळजवळ फायबरचं छोटं वर्कशॉप आहे. कूलरच्या बॉड्या, टाक्यांची झाकणं, कधीमधी मंडळाच्या देखाव्यातले खांब. फायबर म्हणजे इथे काचेचं फायबर. अण्णा संध्याकाळी घरी आले की अंगणातच बनियन काढून झटकायचे, तरी काचेची कुसळं गादीपर्यंत यायची. आता शेड मी बघते. रावेर-यावलकडे जाताना कापणी झालेल्या मळ्यांच्या बांधावर केळीच्या खांबांचे ढीग कुजताना दिसतात. त्यातला धागा काचेच्या जागी वापरता येईल का, हे बघण्यात माझी चार वर्षं गेली. आता खुर्चीच्या पाठी, ट्रे आणि खोक्यांची झाकणं मी या धाग्याची करते. कूलरची बॉडी करत नाही. का, ते पुढे येईलच.

इथे सांगते ती ४० बाय ५० सेंटिमीटरची, ३ मिलिमीटर जाडीची सपाट शीट. साच्यातला गोल आकार नंतर करा. सपाट शीट नीट जमत नाही तोवर साच्याला हात लावू नका.

दोर आणि शीट यांचं गणित उलटं आहे

सुरुवातीला मी सगळ्यांनी करावी तीच चूक केली. बाजारातून तागाची सुतळी आणि गोणपाट आणलं, त्यावर रेझिन, म्हणजे ओतताना पातळ आणि नंतर टणक होणारं प्लास्टिक, ओतलं, रोलर फिरवला. शीट दिसायला झकास झाली. करवतीने कापली, कड पॉलिश पेपरने घासली आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे भिंग धरून बघितलं. प्रत्येक सुतळीच्या मधोमध कोरडा, मातकट ठिपका होता. रेझिन बाहेरून गुंडाळलं गेलं होतं, आत गेलंच नव्हतं. ती शीट म्हणजे प्लास्टिकमध्ये घातलेली बारीक बारीक भोकंच होती.

आजोबा पोळ्याच्या आधी अंबाडीच्या वाखाची दावी आणि चऱ्हाटं वळायचे. वाख मांडीवर वळताना ते म्हणायचे, पीळ कमी पडला की बैल सुटलाच समज. दोरासाठी ते बरोबरच होतं. दोरात धाग्यांना धरून ठेवायला दुसरं कोणी नसतं. पीळ दिला की धागे एकमेकांवर दाबले जातात आणि घसरत नाहीत. शीटमध्ये धरून ठेवायचं काम रेझिन करतं, तिथे पीळ आडवा येतो. रेझिनला आत शिरायला वाट मिळत नाही. वर पिळलेला धागा तिरपा पडलेला असतो, त्यामुळे ओढ आली की आधी सरळ व्हायला बघतो, मग कामाला लागतो. गोणपाटात तर उभा धागा आडव्यावरून उड्या मारत जातो, म्हणजे पीळही आणि वळणंही.

म्हणून धागा विकत घेताना सूत, सुतळी, कापड यांच्या मागे लागू नका. बिनपिळाचा, लांब, मोकळा धागा मागा. केळीचा मिळाला तर उत्तमच. घायपाताचा किंवा अंबाडीचा वाखही चालतो, कृती तीच राहते.

खांबापासून धाग्यापर्यंत

घड कापल्यावर खांब दोन दिवसांच्या आत मशीनवर गेला पाहिजे. उन्हाळ्यात तर त्याच दिवशी. उशीर झाला की सोपं, म्हणजे खांबाची एकावर एक गुंडाळलेली सालपटं, तपकिरी पडतात आणि धागा तुटका निघतो. खांब उभा चिरून सोपं वेगळी करायची. अगदी बाहेरची दोन-तीन सोपं जाड्याभरड्या धाग्याची असतात, अगदी आतली इतकी कोवळी की मशीनमध्ये त्यांचा लगदा होतो. माझ्या कामाची मधली. बाहेरचा धागा मी वेगळा बांधून ठेवते. तो ट्रेच्या मधल्या थराला चालतो, पाठीच्या वरच्या थराला नाही.

धागा काढायच्या मशीनमध्ये फिरत्या ड्रमवर पात्या असतात. त्या सोपातला गर खरवडून काढतात आणि हातात धागा उरतो. आमच्याकडे काही बचत गटांकडे अशी मशीन आहेत. मी स्वतः मशीन घेतलेलं नाही, तुम्हीही घाई करू नका. खांबाच्या वजनात जवळपास सगळं पाणीच असतं. मी एकदा तराजू घेऊन बसले होते: २२ किलोच्या एका खांबातून वाळलेला धागा निघाला १८० ग्रॅम. तेव्हा खांब वर्कशॉपला वाहून आणण्यात काही अर्थ नाही. धागा मळ्याजवळच काढायचा आणि आणायचा तो धागाच.

मशीनवरून आलेला धागा साध्या पाण्यात दोनदा खळबळून धुवा आणि सावलीत, दोरीवर, एकेरी पसरून वाळवा. गराचा कण राहिला तर त्या जागी रेझिन धाग्याला न चिकटता गरालाच चिकटतं.

कॉस्टिक सोड्याबद्दल

या विषयावरचा कुठलाही प्रबंध उघडा, पहिल्या पानांतच कॉस्टिकची प्रक्रिया असते. धाग्यावरचा मेणकट थर आणि थोडं लिग्निन, म्हणजे धाग्यातला लाकडासारखा भाग, निघतं, पृष्ठभाग खरखरीत होतो, रेझिनची पकड वाढते. हे खरं आहे. करायचंच असेल तर ५ टक्क्यांचं द्रावण, म्हणजे एक लिटर द्रावणात ५० ग्रॅम. साध्या तापमानाला एक तास. सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही. भांडं प्लास्टिकचं किंवा स्टीलचं. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं चुकूनही नको, कॉस्टिक ते खातं आणि त्यातून हायड्रोजन सुटतो. रबरी हातमोजे आणि चष्मा हवाच. नंतर चांगलं धुवा, पाण्यात थोडं व्हिनेगर घालून एकदा बुचकळा, लिटमस कागद निळा होणं थांबेपर्यंत पुन्हा धुवा. जास्त वेळ ठेवलात तर धागाच कमजोर होतो.

पण माझं मत विचाराल तर एपॉक्सी या माझ्या रेझिनसाठी मी हे करणं सोडून दिलंय. एक किलो धाग्याला सोडा काढून टाकेपर्यंत पिंपभर पाणी जातं, आणि आमच्याकडे मे महिन्यात टँकरची वाट बघावी लागते. ते सांडपाणी नीट उदासीन न करता नाल्यात सोडायचं आणि वर शीटवर हिरवं पान छापायचं, हे मला जमत नाही. पॉलिस्टर रेझिन वापरणाऱ्यांना फरक जास्त जाणवतो, त्यांनी करून बघावं. माझ्या शीटमध्ये याहून मोठा फरक पडला तो दुसऱ्याच गोष्टीने.

पाणी

एका ऑगस्टमध्ये मी बारा ट्रे केले. धागा हाताला कोरडा होता, महिनाभर शेडमध्ये टांगलेला. रेझिन भरल्यावर अर्ध्या तासात बारीक बुडबुडे वर यायला लागले. दुसऱ्या दिवशी ट्रे काढले तर प्रत्येक धाग्याभोवती पांढुरकी रेघ होती, जणू धागा आणि रेझिन एकमेकांशी बोलत नव्हते. नखाने कोपरा उचलला, वरचा थर पापुद्र्यासारखा सुटून आला. ग्राहकाला पैसे परत केले.

वनस्पतीचा धागा हवेतलं पाणी पीत राहतो. हाताला कळत नाही, वजनकाट्याला कळतं. त्यानंतर मी शेडमधला १०० ग्रॅम धागा घेऊन १०५ अंशांना भट्टीत ठेवला आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत दर तासाला मोजलं. एप्रिलमध्ये १०० चे ९५ झाले. ऑगस्टमध्ये ८७. म्हणजे त्या ट्रेंमध्ये मी रेझिनबरोबर मापात पाणीही घालत होते. रेझिन सेट होताना तापतं, त्या उष्णतेने पाण्याची वाफ होते आणि ती धाग्याला चिकटूनच जागा करते. उरलेलं पाणी नंतर कधीतरी सुकतं, धागा आकसतो आणि रेझिनपासून सुटतो. त्यात एपॉक्सी घट्ट करणाऱ्या हार्डनरलाही ओल मानवत नाही.

उपाय काही महागडा नाही. जुनं लोखंडी कपाट, खाली हीटरची कॉइल, वर छोटा पंखा आणि एक थर्मोस्टॅट. कॉइल आणि धागा यांच्यामध्ये जाळी आणि पत्र्याची आड लावा, सुका वाख म्हणजे काडेपेटीच. ८० अंश ठेवा, रात्रभर. सकाळी दोनदा अर्ध्या तासाच्या अंतराने वजन करा, दोन्ही सारखी आली की धागा तयार. मग तो थेट कपाटातून साच्यावर. चहा घेऊन येते म्हणून बाहेर ठेवलात तर पावसाळ्यात तो परत फुगतो. लगेच वापरायचा नसेल तर जाड प्लास्टिकच्या पिशवीत गरम असतानाच बांधून ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये मी सरळ ऑर्डर कमी घेते.

फणी आणि चटई

आता धाग्याचं मॅट करायचं. लाकडी फळीवर दोन इंची खिळे, खिळ्यांमध्ये ५-६ मिलिमीटर अंतर, अशा चार ओळी. ही फणी. धाग्याची मूठ एका टोकाला घट्ट धरायची आणि बायका केस विंचरतात तसं शेंड्याकडून सुरुवात करत मागे यायचं. एकदम मुळापासून ओढलं तर गुंता होऊन धागे तुटतात. फणीत राहिलेला आखूड गुंता टाकू नका, मधल्या थरात पसरता येतो.

४० बाय ५० सेंटिमीटर म्हणजे ०.२ चौरस मीटर. एका थराला ५० ग्रॅम धागा तोलून घ्या, म्हणजे चौरस मीटरला २५० ग्रॅमचं मॅट होतं. चौकटीत पसरताना डोळ्यांनी नाही, उजेडाने बघा: काचेवर पसरून खाली दिवा लावला की कुठे पातळ पडलं ते लगेच दिसतं.

पसरलेला धागा उचलायचा कसा, यावर मी बरेच दिवस घालवले. आधी विणकरांची आठवण होऊन गव्हाच्या पिठाची खळ लावली. धागा सुरेख बसला, पण खळीवर रेझिन नीट धरेना आणि आठवड्यात मॅटला झुरळं लागली. शेवटी काकांनी, म्हणजे आमच्या शेडमधल्या सगळ्यात जुन्या कारागिराने, गोधडीची गोष्ट काढली. पाच-पाच सेंटिमीटरवर बारीक सुती दोऱ्याचा आडवा टाका. बस्स. टाका सैल हवा, आवळला की धागा तिथे वाकतो.

असे चार थर करा. बाहेरचे दोन उभे, आतले दोन आडवे. वरून आणि खालून क्रम सारखाच दिसला पाहिजे. एक उभा आणि एक आडवा असे दोनच थर लावले तर शीट पापडासारखी वाकते.

रेझिन किती

इथे अंदाजपंचे चालत नाही. चार थर म्हणजे चौरस मीटरला १००० ग्रॅम धागा. केळीच्या धाग्याची घनता साधारण १.३५ धरली तर एवढ्या धाग्याची भरीव जाडी होते ०.७४ मिलिमीटर. शीट ३ मिलिमीटरची झाली तर त्यात धागा घनफळाने २५ टक्के. नुसत्या रोलरवर केलीत आणि ४.२ मिलिमीटर झाली, तर १८ टक्केही नाही. बाकी सगळं रेझिन. काचेच्या मॅटसारखा हा धागा रोलरखाली गुमान बसत नाही, स्पंजासारखा वर येतो. म्हणून दाब लागतोच.

आपल्या शीटचं घनफळ ६०० घनसेंटिमीटर. त्यात २०० ग्रॅम धागा जागा घेतो १४८. उरलेल्या ४५२ ला रेझिनची घनता १.१५ ने गुणलं की ५२० ग्रॅम. ब्रशला, डब्याला आणि बाहेर गळणाऱ्याला धरून ६०० ग्रॅम घ्या. मी एलवाय ५५६ हे एपॉक्सी आणि एचवाय ९५१ हा हार्डनर ही जोडी वापरते, वजनाने १०० ला १०. पण एकदम ६०० कालवू नका. आमच्याकडे मे महिन्यात शेडमध्ये ४२ अंश असतं, तेव्हा डब्यात भरलेला माल दहा मिनिटांत धूर सोडतो. २०० ग्रॅम घ्या आणि पसरट ट्रेमध्ये कालवा.

पॉलिस्टरवाल्यांनी एक गोष्ट पाठ करावी. कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट, म्हणजे पॉलिस्टर घट्ट करायला घालायचे दोन द्रव, एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मग कॅटॅलिस्ट.

खाली सनमायका लावलेला जाड प्लाय, त्यावर वॅक्स पॉलिशचे तीन हात. आधी रेझिनचा एक हात द्या, मग मॅट ठेवा आणि रेझिन खालून वर येऊ द्या. वरून ओतलं तर हवा आत कोंडते. धागा ओला झाला की रंग गडद होतो, पिवळट सोनेरीचा मधासारखा. जिथे फिका डाग राहिला तिथे अजून हवा आहे. चारही थर झाले की वर मायलर, म्हणजे रेझिन न चिकटणारा प्लास्टिकचा पातळ कागद, मग दुसरा प्लाय. कडेला ३ मिलिमीटरच्या लोखंडी पट्ट्या ठेवा म्हणजे जाडी ठरते. सी-क्लॅम्प मधून सुरू करून कडेकडे आवळा, पाच मिनिटांनी पुन्हा आवळा. जादाचं रेझिन बाहेर येताना बुडबुडे घेऊन येतं, येऊ द्या. मी हल्ली जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरवर व्हॅक्यूम बॅग लावते, पण पहिल्या दहा शीट क्लॅम्पवरच करा.

चोवीस तासांनी सोडवा. मग ६० अंशांना चार तास, त्याच कपाटात.

मोजल्याशिवाय विकू नका

शीटमधून २५ मिलिमीटर रुंद पट्टी कापा. दोन लोखंडी सळ्यांवर आडवी ठेवा, सळ्यांमधलं अंतर १२० मिलिमीटर. बरोबर मधोमध वजन टांगा आणि खालून डायल गेजने झुकाव मोजा. कडकपणाचं सूत्र: वजनाचा जोर गुणिले अंतराचा घन, भागिले चार गुणिले रुंदी गुणिले जाडीचा घन गुणिले झुकाव. माझी एक पट्टी ४ मिलिमीटर जाडीची होती. २ किलो, म्हणजे १९.६ न्यूटन टांगल्यावर ०.९ मिलिमीटर झुकली. आकडे घालून बघा, ५.९ गिगापास्कलच्या आसपास येतं. गोणपाटाच्या जुन्या शीटची पट्टी त्याच वजनाखाली जवळजवळ दुप्पट झुकली होती. जाडी व्हर्नियरने तीन ठिकाणी मोजा, कारण तिचा घन होतो, तिथली बारीक चूक उत्तरात तिपटीने दिसते.

याच घनामुळे केळीचा धागा काचेपुढे उभा राहू शकतो. नुसत्या ओढीत काच कितीतरी पुढे आहे, त्यात वाद नाही. पण काचेची घनता अडीचच्या वर. तेवढ्याच वजनात आपली शीट जाड करता येते, आणि जाडी दुप्पट झाली की वाकण्यातला कडकपणा आठपट होतो. खुर्चीची पाठ वाकते, ताणली जात नाही. तिथे हा धागा लावा. जिथे नुसती ओढ आहे तिथे लावू नका.

आणि जिथे सतत पाणी आहे तिथेही नाही. दुसरी एक पट्टी तोलून चोवीस तास पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा तोला. कापलेल्या कडा उघड्या असतील तर पाणी धाग्याच्या टोकातून वातीसारखं चढतं. म्हणून प्रत्येक कडेला आणि प्रत्येक भोकाला रेझिनचे दोन हात द्यायचे, स्क्रूची भोकंसुद्धा सुटता कामा नयेत. एवढं करूनही कूलरची बॉडी मी काचेचीच करते.

कोणी 'शंभर टक्के पर्यावरणपूरक' असं छापायला सांगितलं तर मी नाही म्हणते. आपल्याच हिशोबात बघा, ७२० ग्रॅमच्या शीटमध्ये ५२० ग्रॅम एपॉक्सी आहे. ते पेट्रोलियमचं आहे आणि खड्ड्यात पुरलं तरी कुजणार नाही. फायदा धाग्याच्या वाट्यापुरता: काच वितळवायची भट्टी वाचते, शेतकऱ्याच्या बांधावरचा माल कामी येतो आणि कारागिराच्या अंगाला खाज सुटत नाही. घासताना मास्क मात्र लावाच, रेझिनची धूळ फुप्फुसाला चांगली नाही.

रेझिनचा वाटा पुन्हा वापरता यावा असं वाटत असेल तर रस्ता वेगळा आहे: पॉलिप्रॉपिलीनचे तंतू आणि वाख एकत्र पिंजून गरम प्रेसमध्ये दाबायचे. गाड्यांच्या दारांची आतली पॅनेल अशी होतात. तापमान १८०-१९० च्या पुढे जाऊ द्यायचं नाही, २०० च्या वर धागा करपायला लागतो आणि शेडभर जळक्या गोणपाटाचा वास सुटतो. माझ्याकडे तेवढा मोठा प्रेस नाही, पण जळगावात प्लास्टिकच्या चटया करणारे इतके कारखाने आहेत की पॉलिप्रॉपिलीनचा धागा शोधत लांब जावं लागणार नाही. अडचण प्रेसची आहे, मालाची नाही.

प्रत्येक शीटचा हाताएवढा तुकडा मी तारीख घालून शेडच्या पन्हाळीखाली टांगते. सगळ्यात जुना दोन पावसाळे बघून झालाय. कडा सील केलेली बाजू अजून सपाट आहे. एक कोपरा काकांनी मुद्दाम उघडा ठेवला होता, तो बोटभर फुगलाय.